रोमेलचा सही केलेला फोटो मी आणणार नाही

पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय म्हटल्यावर शाळेच्या ग्रुपवर याद्या सुरू झाल्या. कुणाला चॉकलेटं, कुणाला सुऱ्यांचा सेट. आणि एका जिवलग मित्राचा मेसेज: "ते सगळं राहू दे. स्टुटगार्टला राहतोस ना, रोमेलची सही असलेला फोटो आण. ओरिजिनल. पैसे देतो."

ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितोय. इथेही होईलच म्हणा.

(मित्राला हवाय तो दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती एर्विन रोमेल. पण स्टुटगार्टमध्ये रोमेल म्हटलं की लोकांना आधी त्याचा मुलगा आठवतो. मॅनफ्रेड रोमेल, १९७४ ते १९९६ इथला महापौर. मी ज्या विमानतळावरून उडणार आहे त्यालाही नाव त्याचंच.)

मी काही साधूसंत नाही. दर शनिवारी इथे कार्ल्सप्लाट्झवर जुना बाजार भरतो, आपल्या मंगळवार पेठेतल्या बाजाराचा जर्मन चुलतभाऊ. तिथे बुटांच्या खोक्यांत लोकांच्या आजोबांची पत्रं, फोटो, पासबुकं पडलेली असतात. गेली नऊ वर्षं मी त्यांत हात काळे करतोय. सह्यांच्या नादालाही लागलो होतो.

पहिली खरेदी मात्र ऑनलाइन. एका पाणबुडी कप्तानाचा फोटो, खाली सही आणि १९४१ साल. १२० युरो. वर्षभर कपाटावर मिरवला. मग एक मुरलेला संग्राहक घरी आला, त्याने खिशातून यूव्ही टॉर्च काढून मारली आणि फोटोचा कागद झळकला, गणपतीत डीजेच्या लाइटखाली पांढरा शर्ट झळकतो तसा. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं युद्धानंतरची. मग भिंगातून सही बघितली, तर बॉलपेनची! १९४१ साली जर्मन पाणबुडीत बॉलपेन. मी चहा टाकायला आत गेलो, तोंड लपवायला.

याच कागदाच्या परीक्षेत हिटलरच्या बनावट डायऱ्या पकडल्या गेल्या होत्या. १९८३ साली त्या छापणाऱ्या स्टर्न साप्ताहिकाने त्यांच्यासाठी ९३ लाख मार्क मोजले होते. लिहिणारा कोन्राड कुयाउ, आमच्या स्टुटगार्टचाच दुकानदार. अक्षरतज्ज्ञांनी अक्षर हिटलरचंच म्हणून छातीठोक सांगितलं, कारण ताडून बघायला दिलेल्या नमुन्यांतलेही काही कुयाउच्याच हातचे होते.

आणि ज्या सह्या खऱ्या, त्यांतल्याही ढीगभर युद्धातल्या नाहीतच. हे जर्मन लष्करी अधिकारी युद्धानंतर तुरुंगातून सुटले, घरी बसले आणि टपालाने विनंत्या यायला लागल्या. सोबत फोटो आणि परतीचं पाकीट, कृपया सही करून पाठवा. हिटलरचा नौदलप्रमुख डोनिट्झ दहा वर्षं भोगून १९५६ मध्ये सुटला, १९८० मध्ये गेला. म्हणजे सह्या करायला २४ वर्षं मिळाली. ३५२ विमानं पाडणारा वैमानिक हार्टमान १९९३ पर्यंत होता, दुसरा नावाजलेला वैमानिक गालांड १९९६ पर्यंत. रोमेलला मात्र ऑक्टोबर १९४४ मध्येच विष घ्यायला लावलं. त्यामुळे सह्या कमी, भाव चढा, आणि भाव चढा तिथे कुयाउची पिलावळ आलीच.

पण समज, सही शंभर नंबरी निघाली. हातात काय आलं? सत्तरीतला म्हातारा दिवाणखान्यात बसून स्वतःच्या तिशीतल्या फोटोवर सही करतो. गळ्यात नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक, नजर दूर कुठेतरी. त्यात युद्धाबद्दल एक अक्षर नाही. तो देव्हाऱ्यातला फोटो आहे रे, घेणाऱ्याने फक्त हार घालायचा.

पत्राचं तसं नसतं. फेल्डपोस्ट म्हणजे सैन्याचं टपाल. तिकीट नाही, गावाचं नाव नाही, फक्त पाच आकडी नंबर. मी आठ युरोला घेतलेलं एक पत्र सांगतो. १९४२, रशिया, कुणा लेफ्टनंटने बायकोला लिहिलेलं. पेन्सिल, कागद कांद्याच्या सालीएवढा, आणि लिपी जुनी कुरेंट. आपल्याकडे मोडीचं झालं तसंच इथे हिचं झालं. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नव्वदीच्या आजींना येतं. मी केक घेऊन गेलो, त्यांनी वाचून दाखवलं.

उवा झाल्यात. प्लमचा जॅम पोचला, बाटली फुटली नाही. मग एक ओळ: गाव आता रिकामं आहे, त्यामुळे राहायची सोय छान झाली. आजी थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत लावला. पुढे होतं, मुलीसाठी एक लाकडी बाहुली पाठवतोय, इथे मिळाली.

केक तसाच राहिला.

"ते फक्त सैनिक होते, नाझी वेगळे" हे तू म्हणणारच आहेस. मानस्टाइन घे, त्याच्या सहीला चिक्कार गिऱ्हाईक आहे. ११व्या आर्मीचा सेनापती असताना २० नोव्हेंबर १९४१ ला त्याने आदेश काढला की ज्यू-बोल्शेविक व्यवस्था कायमची उखडून टाकली पाहिजे. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात हा कागद पुढे आला. पुढे १९४९ मध्ये हांबुर्गला त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली आणि १९५३ मध्ये तो बाहेर. त्या आदेशावर नाव त्याचंच, फोटोवरही त्याचंच. फ्रेम होते ती फोटोची.

आणि तुझा रोमेल. २१ जून १९४२ ला लिबियातलं, ब्रिटिशांच्या ताब्यातलं टोब्रुक पडलं, त्यावर तो फील्ड मार्शल झाला. तिथे जे ३० हजारांवर सैनिक कैद झाले, त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. आपलीच माणसं. त्या लढाईच्या विजेत्याची सही आपण भिंतीवर लावायची, आणि पकडलेल्यांपैकी एकाचं तरी नाव आपल्याला माहीत आहे का? मलाही नाही.

कैद्यांना घरी कार्डं लिहिता यायची, रेडक्रॉसमार्फत जायची. सातारा, रत्नागिरीकडच्या कुणाच्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांखाली, छावणीचा शिक्का असलेलं असं एखादं कार्ड असेल तर कृपा करून टाकून देऊ नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला इनबॉक्स करा. मोडीत असेल तरी चालेल, वाचणारा शोधू.

मित्रा, तुला सुऱ्यांचा सेट आणतोय.