यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ मागून मत देता येत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज थोडक्यात असा आहे: ‘मतदान केंद्रावर गेल्यावर यादीत नाव नाही असं कळलं तर परत फिरू नका. आधार किंवा मतदार कार्ड दाखवा, कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा आणि मत द्या. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाले तर तिथे फेरमतदान घ्यावंच लागतं. नोटाला विजयाच्या फरकापेक्षा जास्त मतं मिळाली तर निवडणूक रद्द होते. बेलापूरचा निकाल ३७७ मतांनी लागला. लोकांना हे नियम माहीत असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. शंभर जणांना पाठवा.’

२०१९ च्या लोकसभेच्या वेळीही यातला चॅलेंज-टेंडरचा भाग असाच फिरत होता. बेलापूरचं शेपूट नंतर लागलं. इतकी वर्षं मी तो वाचून पुसून टाकत आलो. पण परवा तो नेरूळच्या मावशीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, आधार नेलं की काम होतं. तू उगाच फॉर्म भर म्हणून मागे लागतोस.’ मावशी घणसोली सोडून नेरूळला आली त्याला बराच काळ झाला. तिचं नाव अजून जुन्याच पत्त्यावर आहे. नवी मुंबईत घणसोली ऐरोली विधानसभा मतदारसंघात येतं आणि नेरूळ बेलापूरमध्ये, म्हणजे कागदोपत्री ती ऐरोलीची मतदार आहे, बेलापूरची नाही. तिला फॉर्म भरण्यापासून जो मेसेज अडवतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करणं आता मला जमणार नाही.

आधी बेलापूर. तिथला आकडा खरा आहे. विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं, २३ ला मोजणी झाली. मंदा म्हात्रे यांना ९१,८५२ मतं मिळाली, संदीप नाईक यांना ९१,४७५. फरक ३७७. म्हात्रे सलग तिसऱ्यांदा आमदार झाल्या. त्यांची २०१४ ची पहिली जीतही निसटतीच होती, तेव्हा त्यांनी गणेश नाईकांना १,४९१ मतांनी हरवलं होतं. त्याच मोजणीत मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला आणि साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी वाचले. या तिन्ही ठिकाणी आधीचाच आमदार परत आला. एवढ्याशा फरकाने पाच वर्षांचा निकाल लागतो, तेव्हा चार इमारतींतल्या लोकांची नावं यादीत आहेत की नाहीत याला फार मोठा अर्थ येतो. हा मेसेज नेमकं तेच विसरायला लावतो.

आता ते ‘कलम ४९ अ’. निवडणूक संचालन नियम, १९६१ हे पुस्तक कोणालाही वाचता येतं. मी शिक्षक आहे, केंद्रावर ड्युटी केलेली आहे, आणि प्रशिक्षणात आम्हाला याच नियमांवर बसवतात. त्यातला नियम ४९-ए काय सांगतो? मतदान यंत्राला एक कंट्रोल युनिट आणि एक बॅलट युनिट असेल आणि त्याची रचना निवडणूक आयोगाने मंजूर केलेली असेल. म्हणजे सगळं यंत्राबद्दल. मतदाराच्या हक्काचा त्यात एक शब्द नाही. हा आकडा दाखवून लोक केंद्राध्यक्षाशी वाद घालतात. समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा एखाद्या शाळेतला शिक्षक किंवा पालिकेतला कारकून असतो, तो पहाटेपासून तिथे आहे आणि मागे रांग खोळंबलेली आहे.

चॅलेंज मत ही गोष्ट नियमांत आहे, पण मेसेजने ती साफ उलटी करून सांगितली आहे. ती आहे नियम ४९-जे मध्ये. मत देणारा चॅलेंज करत नाही, त्याच्यावर चॅलेंज होतं. समजा एखादा माणूस आत आला, त्याने नाव सांगितलं, पहिल्या मतदान अधिकाऱ्याने यादीत ते शोधून मोठ्याने वाचलं. तिथे बसलेल्या एखाद्या पोलिंग एजंटला, म्हणजे उमेदवाराच्या प्रतिनिधीला, वाटलं की हा तो माणूसच नाही. मग एजंट दोन रुपये भरून आक्षेप घेतो. केंद्राध्यक्ष त्या माणसाला तोतयेगिरीची शिक्षा समजावून सांगतो, यादीतला तपशील विचारतो, एजंटकडे पुरावा मागतो. आक्षेप खोटा ठरला तर माणूस मत देतो. खरा ठरला तर तो पोलिसांच्या ताब्यात जातो. म्हणजे ही सगळी चौकशी ज्याचं नाव यादीत सापडलं आहे त्याच्याबद्दलच होते. ज्याचं नावच नाही त्याच्यावर आक्षेप तरी कशावर घेणार?

आणि नाव नसेल तर काय, याचं उत्तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ मध्ये स्पष्ट आहे: मतदार यादीत ज्याचं नाव नाही त्याला मत देण्याचा हक्क नाही. आधार असो, पासपोर्ट असो, निवडणूक आयोगाचंच कार्ड असो. मावशीला मी हेच सांगत आलो आहे. कार्ड हातात असणं वेगळं आणि यादीत नाव असणं वेगळं. कार्ड दहा वर्षांपूर्वीचं असू शकतं, त्यानंतर घर बदललं, नाव कमी झालं, तरी ते कार्ड पर्समध्ये तसंच राहतं.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागते. यादीत नाव असेल आणि मतदार कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी काहीही ओळखपत्र म्हणून चालतं. मेसेजमधलं ‘आधार दाखवा’ बहुधा इथूनच उचललेलं आहे. पण ती सोय ओळख पटवण्यासाठी आहे. नाव यादीत घालण्यासाठी नाही.

टेंडर व्होटही खरं आहे, आणि ते माहीत असलंच पाहिजे. यादीत आपलं नाव आहे, पण आपण पोचायच्या आत कोणीतरी त्यावर मत देऊन गेलं, अशा वेळी नियम ४९-पी खाली केंद्राध्यक्षाकडे टेंडर मत मागता येतं. त्याने विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली की तो कागदी मतपत्रिका देतो. यंत्राचं बटण दाबायचं नसतं. शिक्का मारलेली मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात जाते आणि तो लिफाफा मोहोरबंद होतो. मेसेज जे सांगत नाही ते पुढचं आहे: मोजणीच्या दिवशी हा लिफाफा उघडत नाहीत. त्या मतांचा विचार करायचा की नाही, हे निवडणूक याचिकेत न्यायालय ठरवतं, आणि ती याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल व्हावी लागते.

राहिले ते १४ टक्के. हा आकडा ना १९५१ च्या कायद्यात आहे ना १९६१ च्या नियमांत. तो कुठून आला हे शोधण्यात अर्थ नाही, पण तो काय सांगतो ते बघा. एका केंद्रावर साधारण हजार मतदार धरा. साठ टक्के मतदान झालं तर सहाशे. त्याचे १४ टक्के म्हणजे ८४. एकाच खोलीत, सगळ्या पक्षांचे एजंट यादीवर पेन ठेवून बसलेले असताना, ८४ जणांच्या नावावर दुसरेच येऊन मत देऊन गेले आणि खरे ८४ जण नंतर ओळीने टेंडर मत मागायला आले, असं समजायचं. इतकी गडबड झालीच तर फेरमतदानासाठी टक्केवारी लागत नाही. १९५१ च्या कायद्यातल्या कलम ५८ खाली यंत्र पळवलं, फोडलं, बिघडलं किंवा मतदानच दूषित होईल अशी चूक झाली, आणि कलम ५८-ए खाली केंद्र ताब्यात घेतलं, तर आयोग फेरमतदानाचा आदेश देतो. टेंडर मतांची मोजदाद करून नाही.

लांब जायला नको, खाडीपलीकडचंच उदाहरण आहे. २०२४ च्या लोकसभेत मुंबई वायव्यमध्ये रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. हरलेल्या अमोल कीर्तिकरांनी उच्च न्यायालयात जी याचिका केली तिच्यात टेंडर मतांचा मुद्दा होताच. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ४८ मतांच्या फरकावर, वकिलांची फौज असताना, टेंडर मतांमुळे फेरमतदान झालं नाही. बेलापूरमध्ये ते आपोआप झालं असतं असं सांगणारा माणूस मतदारांना फसवतो आहे, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

नोटाचं थोडक्यात. बेलापूरला नोटाची मतं ३७७ पेक्षा किती तरी जास्त होती, आणि त्याने निकालाला धक्का लागला नाही. विधानसभेत नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवारच निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. तरीही यात अर्धं खरं दडलेलं आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला, त्यानुसार महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक होते. तो नियम स्थानिक संस्थांपुरता आहे, आणि अट ‘सर्वांत जास्त’ मतांची आहे, ‘फरकापेक्षा जास्त’ मतांची नाही.

आता मावशीच्या फॉर्मकडे. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, नाव कुठेच नसेल तर फॉर्म ६. दोन्ही मतदार सेवा पोर्टलवर किंवा निवडणूक आयोगाच्या ॲपवर भरता येतात, नाही जमलं तर आपल्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, कागदावर द्यावेत. शंका असेल तर १९५० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा. मुदत मात्र मतदानाच्या दिवसापर्यंत नसते. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस उलटला की यादीत नाव घालता येत नाही, आणि आपल्या फॉर्मवर हरकतीसाठी वेळ द्यावा लागतो म्हणून तो प्रत्यक्षात त्या दिवसाच्याही बऱ्याच आधी द्यावा लागतो. २०२४ ला उमेदवारी अर्जांचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर होता, मतदान २० नोव्हेंबरला. त्या तीन आठवड्यांत ज्यांना आपलं नाव नसल्याचं कळलं त्यांच्यासाठी कुठलंही कलम उरलं नव्हतं. विधानसभेचीच यादी पुढे पालिकेला लागते. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. मावशीचं नाव तेव्हाही घणसोलीतच होतं.