कागदावरचा करार आणि टपरीवरची पुडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया परखड आहे आणि मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपला आक्षेप असा, की जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचे मी नको तितके कौतुक केले; प्रत्यक्षात ठाणे स्टेशनबाहेरच्या टपरीवर बंदी असलेला गुटखाही मिळतो, करार सिगारेट ओढणाऱ्या देशांपुरता आहे आणि त्याची झळ अखेर विडी वळणाऱ्या बायकांना बसते.

टपरीबाबत वाद नाही. मी स्वतः रोज ठाण्याहून वाशीच्या लोकलने ऐरोलीला जातो आणि आपण पाहता तेच पाहतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तेव्हा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकण्याची पळवाट निघाली. मात्र टपरीवर पहारा ठेवणे हे या कराराचे काम नव्हे. ते आपल्याच यंत्रणेचे काम आहे आणि तिच्या ढिलाईचा दोष जिनिव्हातल्या आरोग्य संघटनेला देता येणार नाही.

कराराचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो, आणि माझ्या लेखात तो पुरेसा स्पष्ट झाला नाही हे मान्य. उरुग्वे हा जेमतेम पस्तीस लाख वस्तीचा देश. त्याने पाकिटाचा ८० टक्के भाग आरोग्यविषयक इशाऱ्यासाठी राखून ठेवला, तेव्हा फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने उरुग्वेच्या स्वित्झर्लंडबरोबरच्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन त्याला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले. जुलै २०१६ मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला. हा देश मनमानी करत नसून जगाने मान्य केलेले आरोग्यधोरण राबवत आहे, हे लवादाला पटवताना तंबाखू नियंत्रण करार भक्कम आधार ठरला. एरवी अशा दाव्याच्या नुसत्या धमकीनेही लहान देशाचे सरकार पाऊल मागे घेते. करार पोलीस नाही, पण सरकारला पाठ टेकायला भिंत आहे, एवढेच मला म्हणायचे होते.

आपल्याकडेही पाकिटावरच्या ८५ टक्के इशाऱ्याचा नियम एप्रिल २०१६ पासून लागू झाला, डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. करारातली सक्ती मात्र अवघी ३० टक्क्यांची आहे. ५० टक्के वा अधिक ही केवळ अपेक्षा. भारत आणि उरुग्वे त्याच्या पुष्कळ पुढे गेले, तेव्हा श्रेय सगळे कराराला देणे हीही माझी अतिशयोक्तीच होती.

आपला सिगारेटविषयीचा मुद्दा मला सर्वांत अधिक बोचला. कराराच्या व्याख्येत चघळण्याचा, चोखण्याचा आणि नाकात ओढण्याचा तंबाखू येतो, त्यामुळे शब्दशः तो सिगारेटपुरता नाही. परंतु त्याची हत्यारे पाकिटावर चालणारी आहेत. माझी आजी सुटा तंबाखू आणून तव्यावर भाजायची आणि त्याची मिश्री डबीत भरून ठेवायची. त्या डबीवर कोणते चित्र छापणार? २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरत होते, आणि धूम्रपान करणारे होते अवघे ३.८ टक्के. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण का दिसतात, ते या दोन आकड्यांवरून समजते.

विडी कामगारांबाबत मात्र मी सहमत नाही. त्यांना पर्यायी रोजगार मिळावा, असे कराराचे सतरावे कलमच सांगते. त्याची भाषा मिळमिळीत आहे, हे खरे. पण ‘गरीब बाईच्या पोटावर पाय नको’ असे म्हणत विडीवरचा कर सिगारेटच्या तुलनेत वर्षानुवर्षे किरकोळ ठेवला गेला आणि त्या बाईला हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी तरीही तुटपुंजीच राहिली. मग सवलतीचा लाभ कोणाला झाला, हा प्रश्न सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्तीत जाऊन विचारण्याजोगा आहे.

मूळ लेखात जिथे ‘तंबाखू’ म्हणायला हवे होते तिथे मी अनेकदा ‘सिगारेट’ लिहिले आहे. ते आज दुरुस्त करत आहे आणि मिश्रीविषयीचा परिच्छेदही त्यात जोडत आहे.