‘भंगार विमानात बसवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

काशीयात्रेच्या पहिल्याच दिवशी तुमच्या 76 वर्षांच्या आईंना मुंबई विमानतळाच्या टी-2 टर्मिनलवर चार तास ताटकळावं लागलं आणि दशाश्वमेध घाटावरची गंगा आरती हुकली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या वेळात तुम्ही आमच्या ट्रॅव्हल ऑफिसला नऊ फोन केलेत, एकही उचलला गेला नाही. ही चूक सर्वस्वी आमची. प्रवासाच्या दिवशी फोन लागलाच पाहिजे. त्यासाठी आता वेगळा नंबर घेतलाय आणि तो माझ्याजवळ असतो.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘कमिशनसाठी जुन्या भंगार विमानात बसवलं, पंख फाटलेला, त्यावर चक्क चिकटपट्टी, म्हणूनच ते रनवेजवळून परत आलं.’ यावर सविस्तर लिहितो, कारण पार्ल्यात हे ऑफिस टाकण्याआधी 22 वर्षं मी सांताक्रूझच्या हँगरमध्ये काम केलंय.

तुमच्या फोटोतली चंदेरी पट्टी म्हणजे स्पीड टेप, अ‍ॅल्युमिनियमची. मी स्वतः शेकडो वेळा लावली आहे. आधी जागा सॉल्व्हंटने पुसायची, टेप बसवून कडा घासून घासून दाबायच्या, मग कुठे आणि किती लावली ते लॉगबुकात लिहायचं. रंग उडाला असेल, पॅनेलच्या फटीतलं सीलंट निघालं असेल, तर पक्कं काम होईपर्यंत ती चालते, तीही मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तिथेच. पंखाचा भार तिच्यावर कधीच नसतो.

जिवावर बेतणारं नुकसान बहुतेक वेळा खिडकीतून दिसतच नाही. 1978 साली ओसाकाला उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका 747 ची शेपटी घासली. मागच्या प्रेशर बल्कहेडच्या, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब अडवून धरणाऱ्या भिंतीच्या, दुरुस्तीत एका जोडावर रिव्हेटच्या दोन रांगांनी पेलायचा भार एकाच रांगेवर आला. विमान सात वर्षं उडत राहिलं आणि 12 ऑगस्ट 1985 ला तेच बल्कहेड हवेत फुटून 520 माणसं गेली. आम्हा हँगरवाल्यांना ही गोष्ट विसरता येत नाही.

जुनेपणाचंही तसंच. आम्ही वर्षं मोजतो, पण त्याहून जास्त उड्डाणं मोजतो. प्रत्येक वेळी वर जाताना विमानाच्या आत हवेचा दाब भरतो, खाली येताना उतरतो, आणि पत्रा तेवढा ताणला जातो. 1988 साली हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या 737 चं छप्पर हवेतच उडालं. वय होतं 19 वर्षं, पण बेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे उड्डाणं झाली होती 89 हजारांवर, त्यात समुद्राची खारी हवा. मुंबईत गंजाची तपासणी करताना ते विमान माझ्या डोळ्यांसमोर असायचं.

पावसाळ्यातल्या एका रात्री उतरलेल्या विमानाच्या इंजिनात घारीची पिसं चिकटलेली सापडली. फॅनच्या एका पात्याच्या कडेला करंगळीच्या नखाएवढा चावा होता. खोली मोजली, मर्यादेत होती. कानशीने कडा गुळगुळीत केली, आतली पाती बोरोस्कोपने, म्हणजे बारीक नळीच्या कॅमेऱ्याने, पाहिली, मग इंजिनिअरने सही केली. तोपर्यंत बाहेर लोकांत ‘इंजिन फुटलं’ अशी बातमी पसरली होती.

तुमच्या विमानाला नेमकं काय झालं, हे ते उघडून पाहणाऱ्यालाच सांगता येईल. कंपनीने ‘तांत्रिक कारण’ एवढंच कळवलंय, त्यावर मीही तर्क लढवणार नाही. पायलटला शंका आली, त्याने विमान परत आणलं, तुम्हाला दुसऱ्या विमानाने पाठवलं. आई सोबत असताना मला तरी हेच हवं असतं.

कमिशनबद्दल: तुमची तारीख आणि वेळ पाहता वाराणसीला थेट जाणारी तीच एक फ्लाइट होती. तिकिटाच्या बिलाची प्रत तुम्हाला पाठवतो. एवढ्या उशिराला खाणं-पिणं मोफत देण्याचा नियम आहे. ते मिळालं नसेल तर बोर्डिंग पास पाठवा, सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार मी भरून देतो.

एक विनंती आहे. स्टार एकच राहू दे, फोनची तक्रारही राहू दे. फक्त ‘पंख फाटलेला’ हे वाक्य काढा. काल एक आजोबा ते वाचून नातीच्या लग्नाला नागपूरला जायचं तिकीट रद्द करायला आले होते. मी त्यांना तासभर हेच समजावत होतो.

आईंना नमस्कार सांगा.