पासवर्ड काढला

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मी प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या एका कॉन्फिग फाईलमधला पोर्ट नंबर बदलला, ‘किरकोळ दुरुस्ती’ असा संदेश लिहून गिटमध्ये कमिट केली, म्हणजे बदलाची नोंद केली, आणि ती पुश करून, म्हणजे टीमच्या सर्व्हरवर चढवून, मोकळा झालो. उठता उठता ब्राउझरमध्ये सहज डोकावलो. नव्या ओळींच्या हिरव्या पट्टीत नवा पोर्ट नंबर. त्याच्याखाली, तितक्याच प्रसन्न हिरव्या पट्टीत, डेटाबेसचा पासवर्ड. दुपारी तपासून बघण्यापुरता लिहिला होता.

मी ताबडतोब ती ओळ उडवली आणि पुन्हा पुश केलं. संदेश काय लिहिला? ‘पासवर्ड काढला’. म्हणजे चोर बिचारा चुकून पुढच्या गल्लीत गेला असता, तर त्याला मीच हाक मारून बोलावलं. वर ब्राउझर आता तीच ओळ काढलेल्या ओळींच्या लाल पट्टीत दाखवू लागला.

कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं गिट काही विसरत नाही, आणि ते मुद्दाम तसंच बनवलंय. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, त्या हॅशमध्ये आधीच्या कमिटचा हॅश गुंफलेला. मधली एक कडी बदलली की पुढच्या सगळ्या बदलतात. २००५ साली हे लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं आपण प्रकल्पांना स्वतःचंच नाव देतो अशी थट्टा केली होती. ब्रिटिश बोलीत ‘गिट’ म्हणजे मूर्ख माणूस. त्या संध्याकाळी नावावर माझाही हक्क होता.

पूर्वी असली घाण निदान घरातल्या घरात राहायची. २००८ साली कोड इंटरनेटवर ठेवायच्या गिटहब आणि बिटबकेट या सेवा आल्या, मागोमाग गिटलॅब, आणि आपला गाढवपणा तारीखवार, रंगीत आणि शोधता येईल असा मांडला जाऊ लागला. गिटहबनं तर २०२० साली जगभरातला सार्वजनिक कोड फिल्मवर उतरवून आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या एका बंद खाणीत ठेवला, हजार वर्षं टिकावा म्हणून. बातमी वाचली तेव्हा ऊर भरून आला होता. आता मनात आलं, त्या बर्फाखाली किती जणांचे न काढलेले पासवर्ड निजले असतील!

आमचं रेपो, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा, खासगी होतं, एवढं नशीब. खासगी म्हणजे चौदा जण.

खरं तर सगळ्यात आधी पासवर्डच बदलायचा असतो. एकदा पुश झाला की तो फुटला असंच धरायचं. मी ते सगळ्यात शेवटी केलं. आधी रात्री अकरापर्यंत इतिहास शुद्ध करत बसलो. जुन्या नोंदी नव्यानं लिहिणारं फिल्टर-रेपो चालवलं, डोळे मिटून फोर्स पुश केलं, म्हणजे सर्व्हरवरच्या इतिहासावर नवा इतिहास जबरदस्तीनं चढवला, आणि सगळ्यांना कळवलं: जुनी प्रत उडवा, नव्यानं क्लोन करा. बारा जणांनी केलं, तेही कुरकुर न करता. तेरावा मी. चौदाव्यानं सव्वासहाला पुल करून जुना इतिहास आपल्याकडे उतरवून घेतला होता आणि तो लॅपटॉप मिटून रजेवर गेला होता.

सोमवारी तो आला. निरोप वाचण्याआधी काम सुरू करणारा मेहनती माणूस. गिट म्हणालं, दोन्हीकडचा इतिहास वेगळा आहे. यानं दोन्ही मर्ज केले, म्हणजे एकत्र जोडले, आणि पुश केले. मी रेपो उघडलं तर ‘किरकोळ दुरुस्ती’ दोनदा दिसत होती, आणि ‘पासवर्ड काढला’ लाल पट्टीसकट जागेवर हजर.

तेवढ्यात त्याचा मेसेज आला: “अरे, शुक्रवारच्या तुझ्या कमिट कुणीतरी उडवल्या होत्या. काळजी करू नकोस, परत आणल्यात.”