वास पोटाचा की तोंडाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

तोंडाच्या दुर्गंधीवरील माझ्या गेल्या आठवड्यातील लेखावर ‘एक लातूरकर’ या नावाने आलेली प्रदीर्घ प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिच्यातील आक्षेप थोडक्यात असे: पोट साफ नसले की तोंडाला वास येतो, हे आजीपासून आयुर्वेदापर्यंत सर्वांना ठाऊक असताना मी पोटाला निर्दोष ठरवले, मधुमेहाचा उल्लेखही केला नाही, मशेरी लावणाऱ्या बायकांची नालस्ती केली, आणि गुळण्यांच्या औषधाचे प्रमाण चुकीचे दिले. शेवटी एक वाक्य आहे, ते जसेच्या तसे देतो: ‘ज्याला स्वतःच्या तोंडाचा वास कळत नाही, त्याने लोकांच्या तोंडाचे वास काढत बसू नये.’

प्रमाणाचे आधी मिटवून टाकतो. क्लोरहेक्सिडीनचे गुळण्यांचे द्रावण 0.2 टक्क्यांचे असते आणि माझ्या लेखात ते 2 टक्के असे पडले होते. दशांश चिन्ह निसटले. चूक माझीच आहे, आणि चूक कबूल करायला मला कधी कमीपणा वाटलेला नाही, हे लातूरकरांनी ध्यानात घ्यावे. मात्र हे द्रावण डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आठवडेच्या आठवडे वापरू नये, त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बिघडते, हेही मी त्याच परिच्छेदात लिहिले होते. ते आपल्या नजरेतून कसे सुटले, हे कळत नाही.

आता त्या वाक्याकडे वळतो. लातूरकर साहेब (किंवा बाई, निनावी माणसाला काय म्हणावे हाही प्रश्नच आहे), आपण ते टोमणा म्हणून लिहिले, परंतु ते अक्षरशः खरे आहे. स्वतःच्या तोंडाचा वास कोणालाच धड कळत नाही. मला नाही, तसा आपल्यालाही नाही. जो वास नाकाशी अष्टौप्रहर असतो त्याची नाक दखल घेईनासे होते. मोंढ्यातील कीटकनाशकांच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्याला तो उग्र दर्प जाणवत नाही, दारातून आत पाऊल टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला तो झटकन जाणवतो. त्यामुळे ओंजळीत फुंकर मारून पाहण्याच्या आपल्या नेहमीच्या परीक्षेवर फारसे विसंबता येत नाही. त्यापेक्षा मनगटाची आतली बाजू जिभेने चाटावी, ती वाळू द्यावी आणि मग हुंगावी, किंवा जिभेच्या मागच्या भागावरून चमच्याची कड हलकेच ओढून त्यावर आलेला थर हुंगावा. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे घरातल्या माणसाला विचारणे, आणि तो सर्वांत अवघडही आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 29 वर्षे शिकवले. त्यातल्या एका वर्षी माझ्या असे लक्षात आले की, वही दाखवायला आलेली मुले वही टेबलावर ठेवून दोन पावले मागे सरतात आणि एक सहकारी माझ्याशी बोलताना हजेरीपटात तोंड घालून बसतो. मी दोन वेळा दात घासत होतो, तंबाखूला कधी शिवलो नव्हतो, तेव्हा माझाही निष्कर्ष आपल्यासारखाच होता: पोट. मग दीड वर्ष रोज रात्री कोमट पाण्यातून कधी त्रिफळा चूर्ण, कधी इसबगोल घेतले. पोट इतके साफ झाले की एस.टी.च्या लांबच्या प्रवासाची धास्ती वाटू लागली. वास होता तिथेच होता. अखेर एके सकाळी चहाचा कप पुढे करता करता पत्नी म्हणाली, ‘रागावू नका, पण वर्षभर सांगीन सांगीन म्हणत होते.’ मी रागावलो, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे गेलो.

त्या डॉक्टरांनी प्रथम काहीच विचारले नाही. एक बारीक मेणाचा दोरा खालच्या जबड्यातील शेवटच्या दोन दाढांच्या फटीत घातला, वर-खाली फिरवला, बाहेर काढला आणि माझ्याच नाकाखाली धरला. दोऱ्यावर किंचित रक्त होते, त्याला पांढुरके काही चिकटले होते, आणि वास सडक्या अंड्यासारखा होता. जो वास मला वर्षभर कळला नव्हता तो तोंडातून चार बोटे बाहेर आल्याबरोबर कळला. त्यांनी मग आरशात जिभेचे मूळ दाखवले; तिथे पिवळसर साय धरल्यासारखा थर होता. त्यांनी सांगितलेले कारण असे: अन्नाचे कण, मेलेल्या पेशी आणि लाळेतील प्रथिने जिथे अडकतात, अशा हवा न पोचणाऱ्या जागी जिवाणू ती प्रथिने कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथिल मरकॅप्टन असे गंधकयुक्त वायू सुटतात. जिभेचे मूळ, दातांच्या फटी आणि हिरड्यांखालचे खाचे, ही त्यांची घरे. लाळ हे सगळे धुऊन नेत असते; म्हणून ती आटली की वास वाढतो. रात्री झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे सकाळचा वास प्रत्येकालाच असतो. मला तो दिवसभर असे, कारण पाच-सहा तास वरच्या पट्टीत बोलून घशाला कोरड पडायची, आणि एप्रिलच्या उन्हात शाळेतला माठ दुपारच्या सुटीतच तळाला जायचा.

कीटण काढून घेतले, रोज रात्री दाढांच्या फटी दोऱ्याने साफ करू लागलो, जीभ टोकापाशी नव्हे तर ओकारी येईल न येईल इतक्या मागून हलक्या हाताने घासू लागलो, आणि तास संपला की पाण्याचे दोन घोट घेण्याची सवय लावली. तीन आठवड्यांनी पत्नी आपण होऊन म्हणाली, ‘आता नाही येत.’ ही घरची गोष्ट मी चारचौघांत सांगतो आहे, तीही स्वतःच्या नावाने. आपण मात्र रात्री पावणेबाराला, नाव लपवून, माझ्या तोंडापर्यंत येता. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. विद्यार्थ्यांनी मला वर्गात उभे राहून खोडून काढले आहे आणि मी त्यांची पाठ थोपटली आहे. परंतु त्यांतील एकानेही अशी भाषा वापरली नव्हती, आणि ती मुले सातवीत होती.

पोटाविषयी आपला आग्रहच असेल तर सांगतो. अन्ननलिका म्हणजे सतत उघडे असणारे धुराडे नव्हे. एरवी ती मिटलेली असते आणि ढेकर आली तरच पोटातला वास वर येतो. वारंवार आंबट पाणी घशाशी येणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो, हे मी लेखातही मान्य केले होते. पण दुर्गंधीच्या साधारण 80 ते 90 टक्के तक्रारींचा उगम तोंडातच सापडतो. लसणाच्या चटणीचा वास आतूनच येतो ना, असा आपला प्रश्न आहे. येतो, पण पोटातून घशावाटे नव्हे. लसणातील एक गंधकयुक्त घटक पचनानंतर रक्तात उतरतो आणि फुप्फुसांवाटे श्वासातून बाहेर पडत राहतो. म्हणून भाकर-चटणी खाऊन कितीही चुळा भरल्या, बडीशेप चघळली, तरी तो काही तास टिकतो. तो आजार नव्हे आणि त्यासाठी कोणी लसूण सोडावा असे मी म्हटलेले नाही.

आणि आयुर्वेद. ‘आयुर्वेद वाचा’ असे आपण उद्गारचिन्हासह बजावले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात जीभ खरवडण्याचा उपदेश आहे, त्यासाठी सोने, रुपे, तांबे अशा धातूंची साधने सांगितली आहेत, आणि कारणही दिले आहे: जिभेच्या मुळाशी साचलेला मळ दुर्गंधी निर्माण करतो. जिभेच्या मुळाशी, लातूरकर. माझ्या दंतवैद्यांनी आरशात दाखवली ती हीच जागा. आपण ज्या ग्रंथाच्या नावाने मला दटावले, तो किमान या एका बाबतीत माझ्या बाजूने साक्ष देतो.

मधुमेहाबद्दल विस्ताराने लिहिले नाही, कारण लेख तोंडाविषयी होता, सबंध देहाविषयी नव्हता. साखर ताब्यात नसली की हिरड्यांचे रोग बळावतात आणि तोंड कोरडे पडते, हे खरे आहे. श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येऊन सोबत उलट्या आणि धाप असेल, तर दात घासत न बसता तडक दवाखाना गाठावा, हेही खरे आहे. हवे तर तेवढी एक ओळ लेखात घालतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्या मात्र खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचाही धोका असतो, एवढेच मी लिहिले होते. ही नालस्ती असेल तर ती माझ्या आईचीही झाली, कारण तिने चाळीस वर्षे मशेरी लावली आणि शेवटची काही वर्षे तिला भाकर दुधात कुस्करून खावी लागली. या विषयावर मला कोणाकडून शिकायचे नाही.

0.2 टक्क्यांची दुरुस्ती मूळ लेखात आज सकाळीच केली असून, तिच्याखाली ‘एका वाचकाने लक्षात आणून दिले’ असे लिहिले आहे. आपण नाव दिले असते तर तिथे नाव आले असते.