परत तेच ‘स्क्रिप्ट एरर’!

रात्री साडेअकराला फोन, पेमेंटचं पान पांढरं पडतंय, धावतपळत मॉनिटरिंग (साइटवरच्या एररची नोंद ठेवणारं टूल) उघडून बघतो तर नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’. ना फाईल, ना ओळ नंबर. अरे, आपली जेएस (जावास्क्रिप्ट) फाईल सीडीएनवरून (फाईली पुरवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवरून) म्हणजे दुसऱ्या डोमेनवरून येते, मग ब्राउझर डिटेल लपवणारच ना, सिक्युरिटीचा नियमच आहे तो, ते डिटेल दिसायला स्क्रिप्ट टॅगवर (पानात फाईल जोडणाऱ्या ओळीत) क्रॉसओरिजिन लिहावं लागतं आणि सीडीएनकडून अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हेडर (फाईलसोबत येणारी परवानगी) यावा लागतो, दोन्ही पाहिजेत. हेडर विसरून नुसता टॅग बदलला तर फाईल लोडच होत नाही, मागच्या वेळी भोगलंय आपण हे!

सोर्समॅपचं (एरर मूळ कोडच्या कुठल्या ओळीत आहे ते सांगणाऱ्या फाईलचं) तर विचारूच नका. दर रिलीजला कोणीतरी अपलोड करायला विसरतंच, मग ‘टी इज नॉट अ फंक्शन’, ओळ १, कॉलम ४८२१३. मिनिफाय केलेल्या (दाबून लहान केलेल्या) कोडच्या त्या एका ओळीत मी काय शोधू, कपाळ? बिल्डमध्येच ती स्टेप टाका म्हणून किती वेळा सांगितलं.

पण खरा संताप येतो तो रिकाम्या कॅच ब्लॉकचा (एरर पकडून पुढे काहीच न करणाऱ्या कोडचा). एरर तिथेच गिळली की न पकडलेल्या एरर टिपणारं विंडो.ऑनएरर लावा नाहीतर अनहँडल्डरिजेक्शन, कुणालाच काही कळत नाही, आणि तिकडे कस्टमर तेच बटण चार-चारदा दाबत बसलेला असतो. निदान कॅचमध्ये एरर मॉनिटरिंगला पाठवायची एक ओळ तरी लिहा रे. एकच ओळ!