स्वप्नात दिसला म्हणून मामू दोषी ठरत नाही

रमजानपासून एक लांबलचक संदेश फिरतोय. पुण्यात कॅम्प, मोमिनपुरा, कोंढव्यातल्या घरगुती ग्रुपांवर तो बिस्मिल्लाने सुरू होतो. पेठांमधल्या ध्यानवर्गांच्या ग्रुपांवर बिस्मिल्ला गाळून तोच मजकूर आहे. थोडक्यात म्हणणं असं: एकच स्वप्न तीनदा पडलं तर ती लहानपणी मनाने दडपलेली आठवण असते. इमाम इब्न सिरीन यांनी तेराशे वर्षांपूर्वी किताबात हे लिहिलं आणि मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने ते सिद्ध केलं. साप म्हणजे घरातला वैरी, दात पडणं म्हणजे नात्यातला मृत्यू, अंधारा जिना म्हणजे बालपणी झालेला अत्याचार. सात रात्री इस्तिखारा (अल्लाहकडे मार्गदर्शन मागण्याची नमाज) करा, ज्याचा चेहरा दिसेल तो दोषी. आणि डॉक्टरांच्या गोळ्या आठवण दाबतात, म्हणून त्या आधी बंद करा.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘गोळ्या आठवण दाबतात, बंद करा’

नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम झोप, कमी करतात. एवढा भाग खरा. पण त्या एकदम सोडल्या की तीच झोप उसळी मारून परत येते. काही दिवस लांबलचक, भडक, घाम फोडणारी स्वप्नं पडतात. पॅरोक्सेटिन आणि वेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर उतरतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे जास्त दिसतं. म्हणजे संदेश वाचून गोळी बंद करणाऱ्याला दोन-चार दिवसांत खरोखरच भयानक काहीतरी दिसू लागतं आणि संदेशावरचा विश्वास पक्का होतो. क्लोनाझेपामसारखी गोळी रोज घेणाऱ्याने ती झटक्यात थांबवली तर फिट येऊ शकते. डोस कमी करायचाच असेल तर तो टप्प्याटप्प्याने, ज्यांनी लिहून दिला त्यांच्याकडूनच.

उलटंही घडतं. मायग्रेनसाठी किंवा हात थरथरण्यावर दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलमुळे वाईट स्वप्नं पडू शकतात. स्वप्नं नवी सुरू झाली असतील तर गेल्या महिन्याभरात कुठली गोळी सुरू, बंद किंवा बदलली हे आधी बघायचं. मामू-चाचांचा विचार त्यानंतरही करायचं कारण नाही, पण त्याकडे पुढे येतो.

‘इब्न सिरीन यांनी लिहून ठेवलंय’

मुहम्मद इब्न सिरीन बसऱ्याचे, हिजरी ११० मध्ये, म्हणजे इ.स. ७२८-२९ च्या सुमारास वारले. ताबीर, म्हणजे स्वप्नाचा अर्थ, सांगण्यात त्यांचं नाव मोठं होतं यात वाद नाही. पण त्यांनी स्वतः असा ग्रंथ लिहिल्याचा पुरावा नाही. त्यांच्या नावावर छापले जाणारे ख्वाबनामे, म्हणजे स्वप्नांच्या अर्थांची पुस्तकं, शतकांनंतर इतरांनी जुळवलेली आहेत. हाती असलेल्या सर्वांत जुन्या अरबी ताबीर-ग्रंथांपैकी एक इब्न कुतैबा यांचा. ते वारले ८८९ मध्ये. त्याच शतकात हुनैन इब्न इसहाक यांनी आर्टेमिडोरसचा ग्रीक स्वप्नग्रंथ अरबीत आणला होता. दात म्हणजे घरातली माणसं ही कल्पना त्या ग्रीक ग्रंथातही आहे. तेव्हा ‘इस्लामचा गुप्त ठेवा’ म्हणून जी यादी पुढे ढकलली जाते, तिचा काही भाग निखळ ग्रीक आहे. दातांचं म्हणाल तर २०१८ च्या एका इस्रायली अभ्यासात दात पडण्याच्या स्वप्नांचा संबंध सकाळी उठल्यावर दात-जबड्यात जाणवणाऱ्या ताणाशी दिसला. झोपेत दात खाणाऱ्याने आधी दंतवैद्य गाठावा.

इब्न सिरीन यांची पद्धतही यादीची नव्हती. परंपरेत सांगितला जाणारा प्रसंग असा: दोघांनी स्वप्नात आपण अजान देत असल्याचं पाहिलं. एकाला ते म्हणाले, तुला हज घडेल. दुसऱ्याला म्हणाले, तू चोरीत सापडशील. स्वप्न एक, अर्थ दोन, कारण माणसं दोन. आणि दोन्ही अर्थांना त्यांनी कुराणातल्या दोन वेगळ्या आयतींचा आधार घेतला. ‘साप म्हणजे वैरी’ असं सगळ्यांना एकगठ्ठा सांगणारा संदेश त्यांच्याच नावावर खपवायचा म्हणजे कमाल आहे.

आणखी एक. स्वप्नं तीन प्रकारची, ही हदीस (पैगंबरांच्या वचनाची नोंद) संग्राहक बुखारींकडे पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांच्याकडून ज्यांच्यामार्फत आली ते हेच इब्न सिरीन. अल्लाहकडून येणारी शुभवार्ता, सैतानाकडून येणारी भीती आणि माणसाच्या मनातलं स्वतःशीच चाललेलं बोलणं. संदेशात तिसऱ्या प्रकाराचा पत्ताच नाही. आपली बहुतेक स्वप्नं मात्र याच खात्यात जातात, आणि दिवसभराच्या काळज्या रात्री स्वप्नात येतात असं आजचे स्वप्न-अभ्यासकही म्हणतात. दहावी होऊन वीस वर्षं झालेल्या माणसाला बोर्डाच्या पेपरला हॉलतिकीट सापडत नाही, हे स्वप्न वारंवार पडतं. त्यात दडपलेलं काय आहे? दहावी सगळ्यांना लख्ख आठवते.

सूरह यूसुफमध्ये चार स्वप्नं आहेत: यूसुफ यांचं अकरा ताऱ्यांचं, तुरुंगातल्या दोघांची, आणि राजाचं सात गायींचं. चारही पुढे काय होणार ते सांगतात. विसरलेला भूतकाळ उकरून काढणारं त्यात एकही नाही.

‘फ्रॉइडने सिद्ध केलं’

१८९६ मध्ये त्याने हिस्टेरियाचं मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात असल्याचं मांडलं. सप्टेंबर १८९७ मध्ये मित्र फ्लीसला लिहिलेल्या पत्रात त्या मांडणीवरचा आपला विश्वास उडाल्याचं त्यानेच कळवलं. त्याने ती का सोडली यावर अभ्यासक अजून भांडतात, पण याला सिद्ध करणं म्हणत नाहीत.

‘तीनदा पडलं म्हणजे आठवण’

इथे जरा थांबायला हवं, कारण घरं मोडतात ती इथे. खोटी आठवण तयार होते कशी, ते जवळून पाहू. समजा, एक बाई ताबीर विचारायला आमिलकडे (झाडफूक, ताविज करणाऱ्याकडे) किंवा मनाने भूतकाळात नेणाऱ्या कुठल्याशा ‘रिग्रेशन’वाल्याकडे गेली.

‘लाकडी जिना दिसतो. अंधार. मागे कुणीतरी आहे.’
‘असा जिना कुठे होता?’
‘नानीच्या वाड्यात. भवानी पेठेत.’
‘तिथे पुरुषमाणूस कोण राहायचा?’
‘मामू.’
‘मामू त्या जिन्यावर कधी भेटायचे का?’
‘…भेटत असतील.’
‘डोळे मिटा. आता मागे वळून बघा.’

जिना स्वप्नातला होता, वाडा खरा होता, मामू विचारणाऱ्याने आणला. पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा मामू त्यात असणारच, कारण दिवसभर तोच डोक्यात आहे. मग तिसऱ्यांदा. संदेशातली ‘तीनदा’ची अट अशी आपोआप पुरी होते.

जुलियाना मॅझोनी, एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नेमकं हेच तपासलं. तीन वर्षांचे होण्याआधी आपण हरवलो वगैरे असं काही घडलं नसावं, असं प्रश्नावलीत सांगणारे लोक त्यांनी निवडले. त्यातल्या काहींना मानसशास्त्रज्ञाने एका छोट्या बैठकीत सांगितलं, की तुमच्या स्वप्नावरून असं काही तरी घडलेलं दिसतं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ते घडलं असावं ही त्यांची खात्री वाढली होती, आणि काहींनी तर तपशीलही पुरवले. मोठ्यांना तिसऱ्या वर्षाआधीचं सहसा काही आठवतच नाही, हे इथे लक्षात ठेवावं.

मग अत्याचार झालेल्या सगळ्यांना तो आठवतोच का? बहुतेकांना आठवतो, नको इतका. काहींच्या मनात तो वर्षानुवर्षं येत नाही आणि एखादा वास, एखादा आवाज यांनी जागेपणी अचानक समोर उभा राहतो. अशा आठवणीला स्वप्न म्हणून उडवून लावणं हाही तेवढाच मोठा अन्याय. आघातानंतर येणारी विस्मृती मनोविकारांच्या वर्गीकरणात आहे. पण खरं घडलेलं आणि सुचवलेलं यांतला फरक स्वप्नाच्या मजकुरावरून कुणालाही करता येत नाही. आमिलला नाही, डॉक्टरलाही नाही.

लहान मुलांबद्दल वेगळी काळजी. मूल झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळत उठतं, आईला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तेव्हा तो बहुधा गाढ झोपेतला रात्रभयाचा झटका असतो. ‘आठवत नाही म्हणजे दडपलंय’ हा निष्कर्ष साफ चुकीचा. त्याला हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं बघा. आणि मूल जागेपणी काही सांगू लागलं तर ‘चाचांनी केलं का?’ असं नाव घालून विचारू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच विचारा आणि चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करा.

‘इस्तिखाऱ्यात दोषी दिसेल’

इस्तिखारा म्हणजे दोन रकात नफिल (ऐच्छिक नमाज) आणि नंतरची दुआ. पुढे करायच्या कामात भलं असेल ते घडावं, नसेल ते दूर व्हावं, अशी ती याचना आहे. ती ज्यात सांगितली आहे त्या, पैगंबरांचे सहकारी जाबिर यांच्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखही नाही, चेहऱ्याचा तर सोडाच. झालेल्या गोष्टीचा तपास हा इस्तिखाऱ्याचा विषयच नव्हे.

स्वप्नावरून आरोप करण्याबद्दल धर्मशास्त्रज्ञ शातिबी यांनी नोंदवलेला प्रसंग वाचण्याजोगा आहे. खलिफा महदीला स्वप्नात दिसलं, की काझी शरीक त्याच्या गालिच्यावर चालताहेत, पण तोंड फिरवून. ताबीर सांगणाऱ्याने अर्थ लावला: वरून आज्ञाधारक, आतून बंडखोर. महदी जीवावर उठला. शरीक यांनी सुनावलं, की तुमचं स्वप्न इब्राहीम यांचं नव्हे आणि तुमचा ताबीरवाला यूसुफ नव्हे. खोट्या स्वप्नांवर मुसलमानांच्या माना उडवणार का? महदी वरमला. हदीसचे भाष्यकार इमाम नववी यांनीही म्हटलं आहे, की झोपलेला माणूस ऐकलेलं नेमकं धरून ठेवण्याच्या अवस्थेत नसतो, म्हणून स्वप्नावरून शरियतचा हुकूम ठरत नाही. व्यभिचाराचा आरोप चार साक्षीदारांशिवाय करणाऱ्याला कुराणाने ऐंशी फटके सांगितलेत. तिथे स्वप्नाची साक्ष कोण घेणार?

मग वाईट स्वप्नाचं करायचं काय?

परंपरेचं उत्तर छोटं आहे: डाव्या बाजूला तीनदा हलकेच थुंकल्यासारखं करायचं, तीनदा अल्लाहकडे आसरा मागायचा, कूस बदलायची, आणि ते कुणाला सांगत बसायचं नाही. आपलं तुटलेलं डोकं घरंगळत चाललंय आणि आपण त्याच्यामागे धावतोय, असं स्वप्न सांगणाऱ्याला पैगंबरांनी सैतानाचा खेळ लोकांना सांगू नकोस म्हटल्याची हदीस संग्राहक इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात आहे. फॅमिली ग्रुपवर टाकणं त्यात आलंच. उपचारासाठी डॉक्टरांना सांगणं म्हणजे ताबीर विचारणं नव्हे, असं आमचं मत.

स्वप्न आठवड्यातून दोन-तीनदा झोप मोडत असेल तर दोन आठवडे वही ठेवा. पाच रकाने पुरतात: तारीख, झोपल्याची आणि जाग आल्याची वेळ, स्वप्न चार ओळींत, त्या दिवशीची औषधं-ताप-उशिराचं जेवण, आणि त्या आठवड्यातली सगळ्यात मोठी काळजी. अर्थाचा रकाना ठेवायचा नाही. रमजानमध्ये नोंदी वाढल्या तर बिचकू नका. आरईएम झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते आणि सहरीचा (उपवासाआधीच्या पहाटेच्या जेवणाचा) गजर नेमका तीच मोडतो, त्यामुळे स्वप्न जास्त आठवतं. पहाटेचं स्वप्न खरं होतं ही आपल्याकडची समजूतही बहुधा याच आठवण्यातून आली असावी.

वारंवार येणाऱ्या दुःस्वप्नावर एक साधी उपचारपद्धत आहे. दिवसा ते लिहून काढायचं, हवा तसा बदल करायचा, जिन्यात दिवा लावायचा किंवा दार उघडं ठेवायचं, आणि बदललेलं चित्र रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करू नये. लोक तिथेच घाबरून सोडून देतात. आघातानंतरची स्वप्नं असतील, झोपेत हातपाय झाडले जात असतील किंवा जीव नकोसा झाला असेल तर हे घरी करायचं काम नाही. ससूनचा मनोविकार बाह्यरुग्ण विभाग आहे, येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि रात्री तीन वाजताही टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लागतो. जाताना वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.